नायलॉनचा दोरा

प्रतापनगरच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी रुपरावांना डोळे मिटायला सांगितलं. "पायाला नायलॉनचा दोरा टेकवते, कळलं की सांगा." शुगरपायी बधिर झालेला रुपरावांच्या थोरल्या भावाचा पाय कापावा लागला होता, म्हणून जिजाबाई नवऱ्याच्या चपला पोटाशी धरून बसल्या होत्या. बाई वाकल्या. दोरा अंगठ्याला लागताच रुपरावांचा हात सवयीनं त्यांच्या डोक्यावर गेला. "सुखी राहा, बेटी." बाईंना हसू आलं. टाचेला टेकवला, "शंभर वर्षं जग." तळव्याला टेकवला, "तुहा दवाखाना जोरात चालो." मग दोरा डाव्या करंगळीवर आला, जिथली दिवाळीपासून चिघळलेली जखम आत्ता कुठे भरली होती. रुपराव गप्प राहिले. बाईंनी पुन्हा टेकवला, तरी गप्पच. जिजाबाईंच्या हातातून चपला निसटल्या. "अवो, काहून बोलत नाही?" "थांब वं, लागलं ना," मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "नवा आशीर्वाद आठवून राहिलो."