आईचं कार्ड

दूरदेशी नोकरीला जाताना मुलगा आपल्या खात्यावरचं क्रेडिट कार्ड आईच्या हाती ठेवून म्हणाला, "साधा पाव घेतलास तरी मला मेसेज येईल. कळेल, आई बरी आहे." पुढेपुढे त्याचे फोन आटत गेले, आई मात्र इमानेइतबारे रोज कार्ड घासत राहिली. कधी साबण, कधी मांजर नसताना मांजराचं खाणं. आज दुकानातल्या मशीनने नकारघंटा वाजवली. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, कार्डाची मर्यादा संपलीये. थेंबे थेंबे तळं साचलं बघा. रोख आहे का?" होती की. पर्समध्ये पेन्शनच्या कोऱ्या नोटा होत्या. आईने पर्स घट्ट मिटली. "कार्ड चाललं नाही तरी माझ्या मुलाला मेसेज जातो ना गं?" "जातो. नाकारल्याचाही जातो." मागची रांग चुळबुळली. आईने कार्ड पुढे केलं. "मग बाळा, अजून एकदा घासून बघ."