पाणी काढायचं राहिलं

दर नोव्हेंबरला बाबा सुट्टीत फिरायच्या-राहायच्या कॅम्परव्हॅनच्या टाकीतलं सगळं पाणी काढून टाकत, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात. या वर्षी मात्र, "अगं ऋता, आपल्या बेसिंगस्टोकला कुठे एवढी थंडी पडते!" म्हणत ते ऑफिसच्या कामाला केंब्रिजला निघून गेले, तेही चांगले महिनाभर. आईला विचारलं, तर "तू त्यात पडू नकोस" म्हणून तिने विषयच तोडला.

मग बाबांना सरप्राइज द्यायला ऋताच बाह्या सरसावून व्हॅन ठेवतात त्या यार्डात गेली. दार उघडलं, तर आत ऑफिसचे शर्ट टांगलेले आणि सिंकपाशी बाबांचा टूथब्रश, ओला.

पाणी न काढताच तिने हळूच दार लावलं आणि संध्याकाळी फोनवर विचारलं, "बाबा, केंब्रिजला फार थंडी नाही ना?"