भेगवाले साहेब

ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी भूवैज्ञानिक आईच्या दाराशी पोचला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी बैठक होती, आणि नव्या बोअरवरची बंदी उठवायची की नाही, ते त्याच्या आजच्या आकड्यावर ठरणार होतं.

शहरातल्या सगळ्या बोअरची पातळी खाली चालली होती. वर येत होती ती एकच, आईच्या परसातली. पातळी मोजायची ही अरुंद बोअर त्यानेच इथे मारून घेतली होती. घरची जागा, कोणी हात लावायचा प्रश्न नाही. पाणी वर का येतं, याचं उत्तरही त्याने शोधलं होतं. खालच्या कातळात लांबून पाणी आणणारी एखादी भेग असणार! वरिष्ठ खूश झाले. कचेरीत त्याचं नावच 'भेगवाले साहेब' पडलं. एवढं कौतुक झाल्यावर शंका कोण घेणार? भेग कोणी बघितली नव्हती, पण तिच्या भरवशावर अख्खं शहर बोअर मारायला टपलं होतं. आणि भेग नसलीच तर? हा किडा काल संध्याकाळपासून त्याच्या डोक्यात वळवळत होता.

टेप घेऊन तो परसात गेला आणि जागीच थबकला. आई बोअरचं झाकण काढून, नरसाळं लावून, बादलीतलं पाणी आत ओतत होती. दुसरी बादली शेजारी भरून तयार.

"आई! अगं, हे काय करतेस?"

आई दचकली. "इतक्या लवकर कसा आलास?"

"कधीपासून चाललंय हे?"

"ओरडू नकोस. मागे आकडा खाली गेला, तेव्हा भरल्या ताटावरून उठलास तू. दिवसभर पोटात काही नाही. मला बघवेना रे. तेव्हापासून दर वेळी तू यायच्या आधी ओतते. दोन बादल्यांनी काय बिघडतंय?"

त्याने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं, कळेना. कसली भेग अन् कसलं काय!

"या आकड्यावर आज सगळ्यांना परवानगी मिळाली असती, आई. दोन-तीन वर्षांत शहर कोरडं पडलं असतं. तुझा नळसुद्धा. आता खरं सांगायचं म्हणजे माझी भेगही गेली आणि अब्रूही."

आईने दुसरी बादली उचलली आणि झाडांच्या बुंध्याशी रिकामी केली.

"मग राहा आज उपाशी," ती म्हणाली.