पाचव्या भागापासून

समोर शत्रूची चाळीस जहाजं. आपली उरलीत सात, त्यातल्या एकाचं इंजिन जळालेलं. सासूबाईंनी चष्मा नाकावर दाबला आणि पान उलटलं. ओट्यावर दूध वर येत होतं. येऊ दे मेलं.

आठ दिवसांपूर्वी त्यांनी हे पुस्तक उचललं होतं ते निव्वळ नावं ठेवायला. सून जेवताना, केस विंचरताना, बादली भरेपर्यंतसुद्धा ज्यात डोकं खुपसून बसते ते आहे तरी काय, म्हणून. अंतराळातल्या आरमाराच्या लढायांची नऊ भागांची मालिका होती. खिडकीत पाचवा भाग पडला होता, म्हणून त्यांनी पाचवाच धरला. पहिल्या दहा पानांत कोण कुणाचं काही कळेना. अकराव्या पानावर तोफा धडाडल्या, मग सासूबाई कुठल्या थांबतात! सून कामावर गेली की पुस्तक हातात, ती यायच्या सुमाराला पुन्हा खिडकीत, होतं तस्सं.

त्यात चार दिवसांपासून दोघींचा अबोला. सून बंदरावर माल चढवायची क्रेन चालवायची. आता मोठ्या क्रेनच्या प्रशिक्षणासाठी तिला दुसऱ्या शहरात बोलावलं होतं, सहा महिने. येणार की नाही, ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. मुलाला विचारलं तर "तुम्ही दोघी काय ते ठरवा," म्हणून तो बूट घालून पसार झाला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "चार वर्षांची पोर टाकून कुठं निघालीस? इथलं कोण बघणार?" सुनेनं त्यावर तोंड मिटलं ते मिटलंच. तेव्हापासून सगळा कारभार नातीमार्फत. "तुझ्या आईला सांग, वाढलंय." "आजीला सांग, भूक नाही."

आज नात अजून शाळेतून यायची होती. सुनेची सुट्टी, ती आतल्या खोलीत दार लावून बसलेली. आज पुस्तकाला हात लावायचा नाही असं सासूबाईंनी सकाळी ठरवलं होतं. पण काल नेमकं अशा जागी सोडावं लागलं होतं, की जीव राहीना.

कप्तानबाई आरमाराच्या मुख्याला, त्या म्हाताऱ्या सरखेलाला सांगत होती: मला एक लहानसं जहाज द्या. इंजिन बंद करते, दिवे मालवते, ग्रहाभोवती फिरणाऱ्या धोंड्यांमधून त्यांच्यासारखीच वाहत जाते आणि शत्रूच्या पाठीशी निघते. सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. डोकं बघा पोरीचं! पण सरखेल बसला दाढी कुरवाळत. म्हणे, तू इथंच हवीस. तू गेल्यावर इथलं कोण बघणार?

"अरे जाऊ दे की तिला!" सासूबाई ओरडल्या. "एवढी हुशार पोर, अडवतोस कशाला, कपाळकरंट्या!"

दूध उतू गेलं. कुणीतरी खटकन गॅस बंद केला. सासूबाईंनी वर पाहिलं. ओट्यापाशी सून उभी होती, हातात फडकं घेऊन.

सासूबाईंचे कान तापले. "ते वेगळं," त्या म्हणाल्या. चार दिवसांत सुनेशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "ती सडीफटिंग बाई. मागं ना पोर ना बाळ."

"आहे की. मुलगी आहे तिला."

"उगाच काहीतरी! तीनशे पानं वाचलीत मी. कुठं दिसली नाही."

"तिसऱ्या भागात जन्मते ती. तुम्ही पाचव्यापासून धरलंत, आई."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! पण रागवायला आत्ता सवड कुठं होती?

"मग ही इथं लढत बसल्यावर त्या पोरीला बघतं कोण?"

सून ओटा पुसत राहिली. "सासू."

"कुणाची?"

"कप्तानबाईची."

सासूबाईंनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. "मला कशी नाही दिसली?"

"चौथ्या भागात येते. एक पान."

"एक?"

"एकच. ही निघते तेव्हा नातीला कडेवर घेऊन दारात उभी असते. तेवढंच."

"एकच पान!" सासूबाई ताडकन उठल्या. "नऊ भाग लिहिले, इंजिनाचा खिळा न् खिळा सांगितला, आणि जिच्या जिवावर ही बया चाळीस जहाजांवर चालून जाते तिला एक पान? शाई संपली होती की काय त्याची?"

सुनेला हसू फुटलं. तिनं तोंडाला फडकं लावलं, ते दुधानं चिंब होतं.

"दात काय काढतेस? वाजले किती?"

"पावणेपाच."

"मग उभी काय राहिलीस? कळव त्यांना, येतेय म्हणून."

सून जागची हलली नाही. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "आई, सहा महिने आहेत."

"मोजता येतात मला. जड जाईल. पोरीला जाईल, मलाही जाईल. ते आमचं आम्ही बघू. फोन लाव आधी."

सुनेनं डोळे पुसले आणि फोन आणायला वळली.

"आणि ऐक," सासूबाईंनी मागून हाक दिली. त्या पुन्हा खुर्चीत बसून पान शोधत होत्या. "चौथा भाग आत्ता काढून दे. बाकीचे सगळे इथंच ठेवून जायचे. बॅगेत एक जरी सापडला, तर चालत्या गाडीतून खाली उतरवीन तुला."