किती उंच उशी?

बायकोच्या हृदयाने ताल सोडला, तेव्हापासून मास्तरांचा एकच अभ्यास चालला होता. हृदयात नळी सरकवून बिघडलेली जागा भाजायची, आणि भाजताना नळीचं टोक फार तापू नये म्हणून ते खारट पाण्याने गार ठेवायचं.

"एका नळीतलं पाणी रक्तात मिसळतं, दुसरीतलं आतल्या आत फिरून परत येतं," मास्तर डॉक्टरीणबाईंनाच शिकवू लागले. "मला विचाराल तर पहिलीच बरी. टोक छान गार राहतं."

"अहो, त्यांना बोलू द्या की जरा," बायको पुटपुटली.

"बरोबर आहे, काका," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण ते पाणी अंगातच राहतं. थकलेल्या हृदयाला तेवढाही भार सोसत नाही. म्हणून विचारते, काकू रात्री किती उंच उशी घेतात?"

"उशी कसली! ती हल्ली पाठच टेकत नाही. पलंगावर बसून, डोळे मिटून देवाचं नाव घेत असते. मी तर सगळ्यांना सांगतो, भक्ती करावी तर हिच्यासारखी!"

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"आडवं झालं की जीव घुसमटतो हो," काकू खाली बघत म्हणाल्या, जणू चोरीच पकडली गेली होती.

मास्तरांचे कान तापले.

"अहो, मग काकांना उठवायचं ना!"



"उठवलं होतं एकदा. ‘देवाचं नाव घे,’ म्हणाले, आणि कूस बदलून झोपले."