सहा वेळा एकच गाणं

"बघ, पुन्हा सहा वेळा!" किनुयोने कराओकेच्या यंत्राची पाटी मैत्रिणीच्या, तोमिकोच्या नाकासमोर धरली. आधी या खोलीत कोण काय गाऊन गेलं, त्याची यादी पाटीवर राहते. दोघी दर बुधवारी दुपारी इथे गायला येत, आणि गेले चार बुधवार त्या यादीत एकच गाणं होतं, 'तेरावा खांब'. धक्क्यावर उभी राहून लांब जाणाऱ्या बोटीकडे बघत रडणाऱ्या बाईचं. साकाता बंदरातल्या पन्नाशी उलटलेल्या झाडून साऱ्या बायकांना ते पाठ. पण लागोपाठ सहा वेळा?

"आणि पट्टी बघ, केवढी खाली!" तोमिको म्हणाली. "सिगारेटी ओढून घसा बसलेली असणार. जन्म गेला गुत्त्यात गिऱ्हाइकांचे पेले भरण्यात, आणि आता उतारवयात कुणीतरी टाकलीय."

"काहीतरीच तुझं!"

"अगं, सुखी बाई भर दुपारी एकटी येऊन सहा वेळा रडते होय?"

दोघी खूप हसल्या. पण किनुयोच्या डोक्यातून ती बाई जाईना. तिच्या स्वतःच्याच शिवणाच्या डब्यात घटस्फोटाचा कागद पडून होता, तिच्या सहीशिक्क्यासकट. येत्या एकतीस मार्चला तिचा नवरा शिगेमित्सु बस चालवायच्या नोकरीतून निवृत्त व्हायचा होता. त्याच संध्याकाळी कागद त्याच्या पुढ्यात ठेवायचा, हे तिचं पक्कं होतं. लग्नाच्या चौतीस वर्षांत हा बाबा घरी येऊन तीनच शब्द बोलला: जेवण, आंघोळ, झोप. माणसाने भिंतीशी तरी किती बोलायचं? तरीपण टाकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे तिला एकदा त्या बाईच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती तासभर आधीच आली. खोलीच्या दाराबाहेर उभी राहिली. आत 'तेरावा खांब' चालूच होतं. आवाज घोगरा, ताल दोन पावलं मागे. शेवटच्या ओळीला तर गाणारीचा श्वासच संपला. अगंबाई, काय हा गळा! किनुयोने दाराच्या काचेतून डोकावलं.

आत बसचालकाचा गणवेश होता. टेबलावर पांढरे हातमोजे नीट घडी करून ठेवलेले. किनुयोने दार लोटलं.

"अहो! तुम्ही?"

शिगेमित्सुने माइक चटकन खाली ठेवला. "बायकांची गाणी पुरुषही म्हणतात," तो म्हणाला. चौतीस वर्षांत न मागता दिलेला त्याचा हा पहिलाच खुलासा.

"गाण्याची आवड कधीपासून लागली तुम्हाला?"

"आवड नाही." तो हातमोज्यांकडे बघत राहिला. "शर्टाचं बटण तुटलं होतं. सुई शोधताना तुझ्या डब्यात तो कागद दिसला."

एकतीस तारखेला काय काय बोलायचं, ते किनुयोने वर्षभर घोकलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. भीतीही वाटली आणि लाजही वाटली.

"मग मला विचारायचं ना!"

"काय विचारू? मला बोलता कुठे येतं?" तो म्हणाला. "तू ओट्याशी हेच गुणगुणत असतेस. म्हटलं, सोडून जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं असतं, ते यात असेल. पाठ करून टाकू."

किनुयो मटकन त्याच्या शेजारी बसली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"अहो, पण ही बाई त्याला 'थांब' असं म्हणतच नाही हो शेवटपर्यंत!"

"हो ना," शिगेमित्सु म्हणाला. "तेवढंच सापडत नाहीये. महिना झाला शोधतोय."