न पोचलेला निरोप

डॉक्टरबाईंनी रक्ततपासणीच्या अहवालाचं पाकीट फोडलं, तसं विशाखाने मांडीवरच्या चार महिन्यांच्या बाळाला घट्ट धरलं. तिचा थोरला मुलगा तिसऱ्या वर्षी न्यूमोनियाने गेला होता. तिचे दोन मामाही लहानपणी असेच दगावलेले. "माहेरचा शाप घेऊन आलीस," सासूबाई तिला तोंडावर म्हणायच्या. आज त्या शेजारीच बसल्या होत्या.

"रक्तातल्या काही पेशींना कायनेज नावाचं प्रथिन वाढायचा निरोप देतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो मिळाला तरच त्या जंतूंशी लढणारी द्रव्यं बनवतात. याच्या पेशींत ते प्रथिनच नाही. थोरल्याचंही तेच झालं असणार."

"म्हणजे माझ्याकडूनच आलं?" विशाखाने विचारलं.

"हो, आईकडून मुलग्याला येतं. पण त्यात तुमची काय चूक? दर महिन्याला ती द्रव्यं सलाईनमधून दिली, तर हा शाळेत जाईल, चांगला मोठा होईल."

विशाखाला सासूबाईंकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात त्यांचाच आवाज आला.

"पहिली सलाईन आजच लावता का?" असं म्हणत त्यांनी बाळाची बाही वर सरकवली.